रेडिएटरचा पंखा फिरत नाही, तेव्हा

[दृश्य : बोरघाट, गाड्यांची रांग. कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या दोन-तीन गाड्या.]

शनिवार-रविवारी लोणावळ्याकडे निघालेली गर्दी घाटात अडकली, की हे हमखास दिसतं. बोनेट वर, पाण्याच्या बाटल्या खाली, आणि मालक फोनवर. यातल्या काही गाड्या सोमवारी पायथ्याला, खोपोलीत येतात.

[दृश्य : गॅरेजचं अंगण. पिवळ्या नंबरप्लेटची पांढरी हॅचबॅक आत येते.]

गाडीवरच्या ड्रायव्हरची तक्रार एका वाक्याची आहे : "रस्ता मोकळा असला की काही नाही मामा, ट्रॅफिकमध्ये थांबलो की टेम्परेचरचा काटा चढतो."

मामा म्हणजे इथले वायरमन. त्यांना एवढं वाक्य पुरतं. गाडी ऐंशीच्या वेगात असते तेव्हा समोरचा वारा जाळीतून थेट रेडिएटरवर येतो आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, त्याच्यावरच गार होतं. गाडी थांबली की वारा थांबतो, आणि पंख्याची पाळी येते. घाटात तर दुहेरी संकट. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर इंजिनाचा जीव निघतो आणि वारा नावालाही नसतो. पंखा फिरला नाही, तर सपाट रस्त्यावर ते महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही.

[दृश्य : अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली प्रीमियर पद्मिनी. बोनेट उघडतात.]

या कोपऱ्यातल्या गाडीला हा आजार होऊच शकत नव्हता. पद्मिनीचं इंजिन गाडीत उभं बसवलेलं, म्हणजे त्याचं तोंड रेडिएटरकडे. पंखा वॉटर पंपाच्या पुलीवरच. इंजिन फिरलं की पट्टा फिरला, पट्टा फिरला की पंखा. ना वायर, ना फ्यूज, ना रिले, म्हणजे पंख्याचा करंट चालू-बंद करणारी डबी. ती गाडी घाटात तापायचीच, सगळ्यांनी तिला पाणी पाजलेलं आहे, पण पंखा का फिरत नाही हे कोणी विचारलं तर पट्टा तुटलाय, एवढंच उत्तर असायचं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि इंजिन आडवं झालं. पुढची चाकं ओढणाऱ्या लहान गाड्यांत ते तसंच बसतं. पुलीचं तोंड गेलं चाकाकडे, रेडिएटर राहिला समोर. आता पट्ट्यावर पंखा लावायचा कुठे? म्हणून त्याला स्वतःची मोटर दिली. यात फायदाही होता. पट्ट्यावरचा पंखा गरज असो-नसो इंजिनाची ताकद खात राहतो, विजेचा पंखा लागेल तेव्हाच फिरतो. फक्त 'लागेल तेव्हा' हे ठरवायला सेन्सर आला, रिले आला, फ्यूज आला, आणि या सगळ्यांना जोडणारी वायर आली. मामांसारख्यांचा धंदा त्या वायरीवर उभा आहे.

[दृश्य : मागच्या सीटवर न उघडलेलं खोकं. नवीन फॅन मोटर.]

ड्रायव्हर मोटर घेऊनच आलाय. आधीच्या एका गॅरेजात त्याला सांगितलं, मोटर गेली, बदला. कोणी मीटर लावला होता का? नाही. पंखा फिरत नाही म्हणजे मोटर गेली, हा आजकालचा सरळ हिशेब झालाय. भाग विकला की काम संपलं.

मामा खोक्याकडे बघतसुद्धा नाहीत.

[दृश्य : दुसरा दिवस. जवळून. थंड इंजिन, रेडिएटरचं झाकण, मामांचा हात.]

गाडी रात्रभर उभी आहे, म्हणून झाकणाला हात लागतोय. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाब असतो आणि त्या दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. कूलंट गळ्यापर्यंत आहे. कमी असतं, तर सेन्सर पाण्याऐवजी हवेत राहिला असता आणि त्याला इंजिन तापलंय हे कळलंच नसतं.

बॅटरीची वायर सोडून मामा पंख्याची पाती बोटानं ढकलतात. वायर सोडायची, कारण चावी बंद असतानाही काही गाड्यांत हा पंखा अचानक सुरू होतो. पाती सहज फिरली. मोटर आतून जाम नाही.

[दृश्य : फ्यूज बॉक्स. हिरवा फ्यूज चिमट्यात.]

३० अँपिअरचा फ्यूज, हिरवा. आतली पट्टी शाबूत. शेजारीच रिले. बॅटरी जोडून इंजिन सुरू केलं, एसी लावला, आणि मामांनी रिलेवर बोट ठेवलं.

टक.

ऐकलंत? रिले ओढतोय, पण पंखा नाही. या गाडीत एकच पंखा आहे, इंजिनालाही तोच आणि एसीलाही तोच. एसी लावूनही तो फिरत नाही, म्हणजे तापमानाच्या सेन्सरची चूक नाही. दोघांचा निरोप पुढे याच रिलेमधून जातो. तरी 'टक' आवाजावर मामा थांबत नाहीत. रिले ओढतो, पण आतले पॉइंट जळलेले असतील तर करंट पुढे जात नाही. शेजारचा त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून इथे लावला. पंखा नाहीच. पंख्याचा रिले हॉर्नच्या जागी लावला, हॉर्न खणखणीत वाजला. रिले निर्दोष.

आता मोटर. कपलर, म्हणजे मोटरच्या वायरींचा प्लग, काढून मोटरला दोन वायरी बॅटरीवरून डायरेक्ट.

[दृश्य : पंखा घरघरत फिरतो. ड्रायव्हरचा चेहरा. मागे सीटवरचं खोकं.]

इथे निवेदनाची गरज नाही.

[थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज.]

मोटर चांगली आहे, फ्यूज चांगला आहे, रिलेही चांगला. मग अडलंय कुठे? गॅरेजातला शिकाऊ पोरगा मल्टिमीटर घेऊन कपलरच्या दोन पिनांना लावतो. १२.४ व्होल्ट. "मामा, इथपर्यंत करंट बरोबर येतोय."

मामा त्याच्या हातात एक जुना हेडलाइटचा बल्ब देतात. दोन वायरी डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडलेल्या, काच काळवंडलेली. "आता हा लाव."

[दृश्य : अगदी जवळून. बल्बची तार. मंद तांबडी.]

बघा. मीटर म्हणतो १२.४, आणि बल्ब जेमतेम लाल. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. गंजलेल्या जोडातून एक बारीक धागा जरी शिल्लक असला, तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसतं. हा बल्ब ५५ वॅटचा आहे, साडेचार अँपिअरच्या आसपास मागतो. पंखा त्याहून बराच जास्त. मागणी आली की तो धागा पुरत नाही, व्होल्टेज तिथेच खाऊन टाकलं जातं. म्हणून ज्या वायरीतून मोठा करंट जायचाय, ती नुसत्या मीटरनं तपासायची नाही, लोड टाकून तपासायची. सगळ्या गॅरेजात मीटर असतो. असा बल्ब तुमच्या वायरमनकडे आहे का, बघा.

पुढची पायरी सुंदर आहे. बल्बचं एक टोक कपलरच्या प्लस पिनवर तसंच ठेवलं. दुसरं टोक कपलरच्या मायनसवरून काढलं आणि सरळ बॅटरीच्या मायनसला टेकवलं.

[दृश्य : बल्ब लख्ख.]

म्हणजे प्लसची बाजू, बॅटरीपासून फ्यूज, रिले, कपलरपर्यंत, ठणठणीत. दोष मायनसकडे. अर्थिंगची, म्हणजे मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणारी वायर.

ती वायर बंपरच्या मागे, हेडलाइटच्या खाली पत्र्याला बोल्टनं आवळलेली असते. चिखल, पावसाचं पाणी, धुण्याच्या फवाऱ्याचं पाणी, सगळं तिथे जातं. पोरगा आडवा होऊन टॉर्च मारतो.

[दृश्य : टॉर्चच्या उजेडात गंजका बोल्ट, लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीवर, हिरवट पांढरी भुकटी.]

हे. बोल्ट घट्टच आहे, त्यामुळे हलवून बघणाऱ्यालाही कळणार नाही. पण लग आणि पत्रा यांच्यामध्ये गंजाचा थर बसलाय.

असल्या वेळी अनेक ठिकाणी डॅशबोर्डखाली एक बटण लावून पंखा 'डायरेक्ट' करून देतात. आम्हाला हा प्रकार अजिबात पसंत नाही. ना रिले, ना नीट फ्यूज, आठ-दहा अँपिअर एका फालतू बटणातून. आणि बटण दाबायचं लक्षात राहिलं नाही की हेड गॅस्केट उडतं, हेड वाकतं, इंजिन खोलायची वेळ येते.

[दृश्य : पॉलिश पेपर. पत्रा चकाकेपर्यंत घासणं.]

रंग आणि गंज निघून कोरा पत्रा दिसेपर्यंत घासायचं. वायर दोन इंच मागे कापली, कारण आतलं तांबंही काळं पडलं होतं. नवा लग. मामा तो नुसता पकडीनं दाबत नाहीत, डागही देतात. बोल्ट आवळून वरून ग्रीस, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पाणी आत शिरायला नको.

बल्ब पुन्हा कपलरवर. दोन्ही पिनांत लख्ख. कपलर जोडला, एसी लावला, पंखा सुरू.

पण हे एसीचं झालं. तक्रार ट्रॅफिकची होती. म्हणून एसी बंद करून गाडी उभ्या-उभ्या तापवायची.

[दृश्य : टेम्परेचरचा काटा. फास्ट फॉरवर्ड.]

काटा निम्म्याला येतो. रेडिएटरचा वरचा होजपाइप गरम, मग खालचाही. थर्मोस्टॅट उघडलाय, कूलंट फिरतंय. काटा निम्म्याच्या किंचित वर सरकतो आणि पंखा आपणहून सुरू होतो. काटा उतरतो, पंखा बंद. मामा एवढ्यावर सोडत नाहीत, दुसऱ्यांदा सुरू होईपर्यंत थांबतात आणि वायरीवर क्लॅम्प मीटर लावतात. ९ अँपिअर. मोटर म्हातारी झाली की करंट जास्त ओढायला लागते. ही अजून ठीक आहे.

[दृश्य : बिलाची चिठ्ठी. लग, थोडी वायर, मजुरी.]

ड्रायव्हर दुकानाला फोन लावून विचारतोय, खोकं फोडलेलं नाही, मोटर परत घ्याल का. समोरून बिल मागताहेत. बिल गाडीत नाही, घरी आहे.