जेसनला मारायचं की जगवायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत सुपरहिरोंच्या कॉमिक्सचे नवे अंक बुधवारी दुकानात येतात. न्यूयॉर्कची दुकानं उघडतात तेव्हा आपल्याकडे दिवेलागण होऊन गेलेली असते. रात्रीची जेवणं उरकेपर्यंत परभणी, नांदेड, लातूरच्या पोरांच्या मोबाइलवर मुखपृष्ठं फिरायला लागतात. अमका मेला, तमका परत आला, नवी सुरुवात, अंक पहिला! या गलबल्यात पैसे कशात घालायचे, त्याबद्दल आज बोलू या.

माझं म्हणणं एका वाक्याचं आहे आणि ते मी दोन-तीनदा सांगणार आहे. अंकात जे घडलं, त्याची किंमत पुढं कुणी मोजली, तेवढं बघा. नायक मेला, शहर बुडालं आणि पुढच्या महिन्यात कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा नाही, तर तो अंक वाया गेला म्हणून समजा.

मुखपृष्ठावरून अंक घेऊ नका. मुखपृष्ठ काढणारा चित्रकार बहुतेक वेळा वेगळा असतो आणि आतली पानं दुसऱ्याच हातची असतात. नमुन्याची पानं इंटरनेटवर आधीच येतात, ती बघा. एका अंकात कथेची पानं साधारण २० ते २२ असतात, बाकी जाहिराती. त्या विसातली सहा पानं नुसत्या हाणामारीत गेली की गोष्टीला चौदाच उरतात. आणखी एक, एकाच अंकाची आठ-दहा मुखपृष्ठं निघतात, पण आतला मजकूर अक्षर न् अक्षर तोच असतो. दोनदा पैसे देऊ नका. १९९२मध्ये सुपरमॅन मेला तो अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला. पुढं सोनं होईल म्हणून लोकांनी चार-चार प्रती घेतल्या आणि न फोडता ठेवल्या. लाखोंनी छापलेली वस्तू दुर्मिळ व्हायची कशी? आजही त्या ढिगानं मिळतात.

अलीकडच्या पहिल्या अंकांत मला मनापासून आवडलेला म्हणजे ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमन’. ऑक्टोबर २०२४, लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा. यातल्या ब्रूसकडे, म्हणजे बॅटमनकडे, नेहमीसारखा वाडा नाही, वडिलांची इस्टेट नाही. वडील शाळामास्तर होते, प्राणिसंग्रहालयाच्या सहलीत गोळीबारात गेले. आई हयात आहे. ब्रूस इंजिनिअर आहे, हत्यारं स्वतः जुळवतो. छातीवरचं वटवाघूळ उपसलं की त्याची कुऱ्हाड होते! पैसा काढून घेतल्याबरोबर प्रत्येक मारामारीचा हिशेब बदलला, कारण आता मोडलेलं सामान पुन्हा विकत आणायची सोय राहिली नाही. जानेवारी २०२४च्या ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’मध्येही जोनाथन हिकमन यांनी असंच मूळच हलवलं. पीटर पार्कर संसारी, दोन लेकरांचा बाप, आणि मग अंगात ताकद येते. रात्री बाहेर जायचं तर घरी सांगायचं काय? किंमत लगेच दिसते.

आता मुख्य गोष्ट. नवीन अंक हातात आला की मी याच गोष्टीच्या मापानं तो मोजतो.

साल १९८८. बॅटमनचा जोडीदार रॉबिन. पहिला रॉबिन डिक ग्रेसन, १९४०पासूनचा. तो मोठा झाला, १९८४मध्ये नाइटविंग नावाचा स्वतंत्र नायक झाला. त्याच्या जागी आलेला पोरगा जेसन टॉड. १९८७मध्ये जेसनची जन्मकथा नव्यानं लिहिली गेली. रस्त्यावर वाढलेला पोरगा, आणि बॅटमनशी पहिली गाठ कशी पडते, तर बॅटमोबाइलची, म्हणजे बॅटमनच्या गाडीची, चाकं चोरताना! कुठल्याही रॉबिनची याहून झकास ओळख झालेली नाही, असं माझं ठाम मत आहे. पण वाचकांना पोरगा पचेना. उद्धट आहे, सांगितलेलं ऐकत नाही, डिकची सर नाही, अशा तक्रारी यायला लागल्या.

संपादक होते डेनी ओनील. १९८२मध्ये टीव्हीवर विनोदी नट एडी मर्फी यांनी एक जिवंत लॉब्स्टर दाखवून प्रेक्षकांना विचारलं होतं, शिजवू की सोडू? फोन करून सांगा. ते ओनील यांच्या डोक्यात होतं. त्यांनी ठरवलं, जेसनचंही वाचकांनाच विचारायचं.

चार अंकांची कथा, ‘बॅटमन’चे अंक ४२६ ते ४२९. लेखक जिम स्टार्लिन, चित्रकार जिम अपारो. जेसन जन्मदात्या आईला शोधत निघतो. आई सापडते ती इथिओपियात, आणि तीच त्याला बॅटमनचा वैरी जोकर याच्या हाती देते. ४२७व्या अंकात जोकर त्या पोराला लोखंडी पहारीनं मारतो. मारताना पहार दिसते, जोकर दिसतो आणि मार वाचकाला मनातच बघावा लागतो. मग जोकर कोठारात बॉम्ब ठेवून निघून जातो. बॅटमन पोचेपोचेपर्यंत स्फोट. अंक तिथंच तुटतो, आणि सोबत दोन फोन नंबर छापलेले. एक नंबर रॉबिनला जगवायचा, एक मारायचा. फोनला ५० सेंट. सप्टेंबरच्या १५ आणि १६ तारखेला, जेमतेम दीड दिवस लाइन चालू.

तोवर पुढच्या अंकाची पानं दोन्ही तऱ्हांनी तयार होती. एकात पोरगा श्वास घेतोय, दुसऱ्यात नाही. कुठली पानं छापायची ते फोन सांगणार होते.

फोन आले १०,६१४. नीट ऐका. जगवा म्हणणारे ५,२७१. मारा म्हणणारे ५,३४३. फरक ७२ मतांचा. फक्त ७२! आपल्याकडं ग्रामपंचायतीच्या एखाद्या वॉर्डात उमेदवार पडतो तेवढ्या मतांनी रॉबिन मेला. वर ओनील यांनीच पुढं सांगितलं की त्यांच्या कानावर असं आलं होतं, कुणा एकानं कॉम्प्युटर लावून मारायच्या नंबरावर शेकड्यानं फोन केले. हे खरं असेल, तर जेसनला मारणारा बहुमताचा आकडाच पोकळ ठरतो.

४२८व्या अंकात बॅटमन ढिगाऱ्यातून पोराला उचलून आणतो. न छापलेली, जेसन जिवंत असलेली पानं पुढं २०२३मध्ये अंकात घालून प्रसिद्ध झाली. दोन्ही अंक शेजारी ठेवून बघा. चित्रकार तोच, ढिगारा तोच, आणि सगळी गोष्ट एका श्वासावर फिरलेली.

आता यात किंमत कुठं? बॅटमनच्या गुहेत काचेच्या पेटीत जेसनचा गणवेश उभा राहिला. वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या चित्रकारांनी, ती पेटी चौकटीत कुठं तरी ठेवली. बॅटमन पहिल्यापेक्षा कडक झाला, जिवाची पर्वा न करणारा झाला. १९८९मध्ये टिम ड्रेक हा शाळकरी पोरगा पुढं आला तो हेच सांगत, की याला सांभाळायला कुणी तरी रॉबिन लागतो. जेसन २००५मध्ये परतला, रेड हूड हे नाव घेऊन. परत येण्याचं कारण तकलादू, ते मला आजही पटत नाही. पण त्यानं बॅटमनला विचारलेला प्रश्न खणखणीत आहे: मला मारणारा जोकर अजून जिवंत कसा? सतरा वर्षांनीही त्या ७२ मतांचं बिल फाटत होतं. या आठवड्यात कुणी मेलं असेल, तर पुढच्या वर्षी त्याची पेटी कुणाच्या घरात उभी आहे ते बघा. किंमत कुणी मोजली ते बघा.

जाता जाता एक बोलतोच. मार्च १९६४मध्ये इंद्रजाल कॉमिक्स निघालं. त्याच्या मराठी अंकांतला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ होता. आज मराठीत असा महिन्याचा अंक हवा, पण अक्षरांची काळजी घेऊन. इंग्रजीसाठी आखलेल्या संवादाच्या फुग्यात देवनागरी कोंबली की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो. फुगा आधीच उंच काढायचा, ओळींत जागा सोडायची आणि मजकूरच कमी लिहायचा.

आता खरेदीचं. सुटा अंक तिथं ४-५ डॉलरला पडतो, इथं आणायचा खर्च वर. थांबायची तयारी असेल तर पाच-सहा अंकांचं एकत्र पुस्तक काही महिन्यांनी निघतं, ते परवडतं. स्पायडरमॅन छापणाऱ्या मार्व्हल कंपनीचे अंक त्यांच्या वर्गणीच्या अ‍ॅपवर तीन महिन्यांनी येतात. कुरिअरनं मागवताना विक्रेत्याला सांगा, दोन पुठ्ठ्यांच्या मधे सपाट ठेवा, गुंडाळी करू नका. गुंडाळलेल्या अंकाच्या पाठीवर, पिनांच्या शेजारी, पांढऱ्या चिरा पडतात आणि त्या जात नाहीत.

घरी अंक पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत, मागं आम्लरहित पुठ्ठा घालून, खोक्यात उभे ठेवा. आडवा ढीग केला की खालच्यांची पाठ दबते. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखालची खोली भट्टी होते, जुना न्यूजप्रिंट तिथं पिवळा पडून तुकडे तुकडे होतो. जून-जुलैत भिंतीला ओल येते, पिना गंजतात आणि कसर लागते. म्हणून खोकं भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून वर, पाटावर ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद कागदात उतरून तपकिरी होतो आणि पुढं टेप काढताना चित्रही सोबत निघतं. लॅमिनेशन तर मुळीच करू नका.

नमस्कार.