तोडण्याआधी मोजा

श्रोतेहो, नमस्कार. सातपुड्याच्या पायथ्याचं किंवा यवतमाळकडचं रान ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. साग, धावडा, सालई, आणि मध्ये कमरेएवढं गवत. असं रान लाकूडही देतं आणि चाराही देतं. झाडं फार दाटली की खाली ऊन पोचत नाही, गवत खुरटतं. फार तोडली की पुढे लाकूड उरत नाही. म्हणून तोडण्याआधी मोजायचं. पुन्हा सांगतो, तोडण्याआधी मोजायचं.

या मोजणीच्या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा माणूस हत्तीवर बसलेला आहे. साल १८५६, ब्रह्मदेशातला पेगू प्रांत. इंग्रजांनी तो घेऊन चारच वर्षं झालेली आणि व्यापाऱ्यांचा डोळा तिथल्या सागावर. या जंगलांची देखरेख लॉर्ड डलहौसी यांनी सोपवली डिट्रिख ब्रँडिस या जर्मन माणसाकडे. हे गृहस्थ बॉनला वनस्पतिशास्त्र शिकवत होते. एवढ्या अफाट जंगलात साग किती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकेक झाड मोजायचं म्हटलं तर जन्म पुरला नसता.

मग ब्रँडिस हत्तीवर बसले. हत्तीनं जंगलातून वाट काढायची, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना दिसेल तेवढा साग यांनी मोजायचा. डाव्या हातात बांबूच्या चार कांबट्या, उजव्या हातात चाकू. पहिली कांबटी थोराड सागाची, ६ फूट आणि त्याहून जास्त घेराच्या. दुसरी त्याखालच्या घेराची, तिसरी आणखी बारीक झाडांची, चौथी अगदी कोवळ्या झाडांची. साग दिसला की नजरेनं घेर ठरवायचा आणि त्या कांबटीवर एक खाच पाडायची. दिवसभर हत्ती चालतोय, फांद्या अंगावर येतायत, आणि हा माणूस खाचा पाडतोय! मुक्कामाला पोचलं की खाचा मोजायच्या. तेवढ्या पट्ट्यावरून साऱ्या जंगलाचा हिशेब मांडायचा.

आता कांबट्या चार कशाला? तोडायची तर फक्त थोराड झाडं, मग एक पुरली नसती का? इथेच त्यांची खरी हुशारी आहे. समजा, पहिल्या कांबटीवर १०० खाचा आहेत आणि दुसरीवरही १००. दुसऱ्या वर्गातला साग थोराड व्हायला २० वर्षं लागतात असं धरू. मग वर्षाला ५ झाडं तोडली तर थोराड सागांची संख्या कायम राहते. आणि दुसऱ्या कांबटीवर ४०च खाचा असतील तर? मग वर्षाला २. किती तोडायचं ते पहिली कांबटी ठरवत नाही, दुसरी ठरवते. नीट ऐका, दुसरी कांबटी ठरवते. तोडायचा सागही ते आधी बुंध्याभोवतीची साल काढून दोन-तीन वर्षं उभाच वाळवत, कारण ओला साग पाण्यात बुडतो आणि माल यायचा नदीतून. पुढे १८६४ मध्ये हेच ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले.

    

तर आपल्या मालकीच्या रानात हे कसं करायचं? हत्ती लागत नाही. वॉल्टर बिटरलिख या ऑस्ट्रियन वनाधिकाऱ्यानं १९४०च्या दशकात सोपी युक्ती काढली. १ सेंटिमीटर रुंदीची पट्टी घ्या, तिला ५० सेंटिमीटर दोरी बांधा. दोरीचं टोक डोळ्याखाली गालाला टेकवा, पट्टी समोर ताणून धरा आणि एका जागी उभं राहून गोल फिरा. छातीच्या उंचीवर जो बुंधा पट्टीपेक्षा रुंद दिसेल तो मोजा, अरुंद दिसेल तो सोडा. मोजलेलं प्रत्येक झाड म्हणजे हेक्टरी १ चौरस मीटर बुंधा, म्हणजे छातीच्या उंचीवर सगळे बुंधे आडवे कापले तर त्या कापांचं मिळून क्षेत्रफळ. १२ झाडं भरली तर हेक्टरी १२ चौरस मीटर. घेर मोजायला नको, गुणाकार नको. बुंधा नेमका पट्टीएवढाच दिसला तर अर्धा धरा. दाट जागा बघून उभे राहू नका. पावलं मोजत सरळ रेषेत जा, ठरावीक अंतरावर थांबा आणि सगळ्या थांब्यांची सरासरी काढा. पानगळीनंतर, गवत कापून झालं की बुंधे स्वच्छ दिसतात.

या पट्टीत बारीक झाडं मात्र सुटतात, म्हणून ती वेगळी मोजा. त्याच थांब्यावर ५ मीटर ६४ सेंटिमीटर दोरी घेऊन वर्तुळ फिरा, म्हणजे १०० चौरस मीटर जागा होते. आत जेवढी झाडं, त्याच्या १०० पट हेक्टरी. त्यातली मांडीएवढी किती, मनगटाएवढी किती, हे वहीत निरनिराळं लिहा, आणि तोडीची परवानगी मागायला जाल तेव्हा ती वही बरोबर न्या. नमस्कार.