मोगऱ्याच्या काडीला पालवी फुटली, पण मुळं कुठायत?

नमस्कार मंडळी! पावसाळा लागला की हा प्रश्न येतोच: "ताई, मोगऱ्याची काडी लावली, मस्त पालवी फुटली, आणि मग अचानक वाळूनच गेली." पालवी आली म्हणजे काडी जगली, असं आपण धरून चालतो ना, तिथेच गफलत होते.

काडीच्या अंगात थोडा अन्नसाठा असतो. त्या जोरावर डोळे फुटतात, खाली एकही मूळ नसताना. वर ही नवी पानं पाणी उडवत राहतात आणि ते भरून काढायला खाली कुणी नाही. साठा संपला की काडी मान टाकते.

म्हणून मुळात काडी नीट निवडा. (फांदी कॅमेऱ्याजवळ) हे बघा, हा लुसलुशीत शेंडा कुजतो. ही खालची जून फांदी मुळं धरायला फार रडवते. मधला हा भाग घ्या, हिरव्याचा तपकिरी होत चाललेला. चार-पाच इंच, तीन-चार पेरं, म्हणजे पानं फुटतात त्या गाठी. खालचा काप पेराच्या अगदी खाली, कारण मुळं बहुतेक तिथूनच येतात. कात्री बोथट नको, साल चेचली की बुरशी शिरते. वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापून. कळी असेल तर खुडा. जिवावर येतं, पण खुडाच!

काडी लावायला निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. शेणखत आत्ता नको. कापाला लावायला रूटिंग पावडर, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारी पूड, असली तर उत्तम, नसली तर अडत नाही. तिच्याऐवजी काहीजण मध-दालचिनी लावतात, त्याचं मला विचारू नका बुवा.

आणि कुंडीऐवजी हा घ्या, प्लास्टिकचा पारदर्शक ग्लास. बुडाला भोकं पाडा, बाहेरून काळा कागद गुंडाळा, वरून बाटलीचा झाकणाकडचा अर्धा भाग टोपीसारखा घाला. सावलीत ठेवा. मोगऱ्याला महिना-दीड महिना लागतो. अधूनमधून कागद सरकवून बघायचं. (ग्लास फिरवत) ही पांढरी मुळं दिसली? आता काडी जगली म्हणा. उपटून बघायची गरजच नाही.

जास्वंदीलाही हेच चालतं. शेवंतीला एवढा खटाटोप कशाला? फुलं संपली की बुंध्याशी पिल्लं फुटतात, ती मुळांसकट वेगळी करा.

मुळं दिसली तरी बाटली एकदम काढू नका हं. आधी झाकण उघडा, मग रोज थोडा वेळ बाटली बाजूला. आठवडाभराने कुंडीत लावा, आणि सकाळचं कोवळं ऊन तेवढंच द्या.