टोपणनावाची वही

पडद्यावर दिसतेय ती अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ. हा बिटकॉइनचा पत्ता. यात नाव नाही, फोन नंबर नाही. म्हणून पुष्कळांना वाटतं, की ऑनलाइन खरेदीचे पैसे असे दिले की आपण कोण हे कुणाला कळणार नाही.

पण ३ जानेवारी २००९ ला बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, म्हणजे नोंदींचा गठ्ठा, तयार झाला, तेव्हापासूनचा साखळीवरचा, म्हणजे एकामागून एक जोडलेल्या अशा गठ्ठ्यांच्या सार्वजनिक वहीतला, प्रत्येक व्यवहार जगासमोर उघडा आहे. कुठून कुठे, किती, केव्हा, सगळं. आणि यातलं काहीच खोडता येत नाही. ही वही निनावी नाही, टोपणनावाची आहे. टोपणनावामागचा माणूस एकदा सापडला, की त्याची मागची पानंही वाचता येतात.

तो सापडतो कुठे? बऱ्याचदा पैसे भरायच्या पानावरच. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये बिटकॉइन स्वीकारणारी १३० संकेतस्थळं तपासली. त्यातली किमान ५३ संकेतस्थळं खरेदीचा तपशील तिसऱ्याच कंपन्यांना पोचवत होती. ग्राहकाला याचा पत्ताही नव्हता. रक्कम आणि वेळ एवढं हाती आलं, तरी साखळीवरचा नेमका व्यवहार अनेकदा शोधता येतो.

दुसरी जागा म्हणजे एक्स्चेंज, म्हणजे बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीचा ऑनलाइन बाजार, जिथे केवायसी, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीची तपासणी होते. पासपोर्टचा फोटो, सेल्फी, राहण्याचा पत्ता. ही तपासणी निरर्थक आहे असं मी म्हणणार नाही. बिटफिनेक्स एक्स्चेंजमधून २०१६ मध्ये १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. २०२२ मध्ये त्यातले बहुतेक जप्त झाले, आणि आरोपींपर्यंत पोचता आलं ते साखळीवरचा माग आणि खात्यांच्या नोंदी जुळवून.

मला काळजी वाटते ती तपासणीनंतरच्या साठ्याची. काळा पैसा पांढरा करण्याविरुद्ध निकष ठरवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेनुसार ओळखीच्या नोंदी, खातं बंद झाल्यावरही, किमान ५ वर्षं जपाव्या लागतात. तेवढा काळ त्या कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली असतात. मे २०२५ मध्ये कॉइनबेस या एक्स्चेंजने जाहीर केलं, की लाच घेतलेल्या मदत-कर्मचाऱ्यांमार्फत ग्राहकांची माहिती बाहेर गेली. नावं, घरचे पत्ते, ओळखपत्रांची छायाचित्रंसुद्धा. बाधित ग्राहक ६९,४६१. पासवर्ड फुटला तर दुसरा ठेवता येतो. चेहरा आणि घर कसं बदलायचं?

आणि इथे तर चोराला घराबरोबर तिजोरीचा अंदाजही मिळतो. वॉलेटचा पत्ता कळला, की शिल्लक त्याच उघड्या वहीत वाचता येते.

एक्स्चेंजला कायद्याने कागद मागावेच लागतात. पण साधी वस्तू विकणाऱ्या दुकानाला? वयाची अट असेल, तर वय पुरेसं आहे एवढं कळलं तरी पुरे. ‘झीरो-नॉलेज प्रूफ’ नावाचं गणिती तंत्र नेमकं हेच करतं: जन्मतारीख न दाखवता वयाची खात्री पटवून देतं. दुकानाकडे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच पोचतं. पासपोर्टचा फोटो ग्राहकाच्या फोनमधून बाहेरच पडत नाही.