माग थांबतात तेव्हा

(यंत्रमागांची खटखट. एकदम शांतता.)

सोलापूरच्या पूर्व भागात वीज गेली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं, कानांना जरा आराम पडतो. या घरातला ३४ वर्षांचा मुलगा मात्र नेमका तेव्हाच कानांवर हात दाबून खोलीत येरझाऱ्या घालू लागतो. माग सुरू झाले की पुन्हा भिंतीला टेकून बसतो, टॉवेलच्या दशीतला दोरा बोटांत फिरवत.

मुलगा म्हणतोय, कारण आई तसंच म्हणते. त्याच्या प्रमाणपत्रावर एकच नोंद आहे, बौद्धिक अक्षमता. माणसांत मिसळत नाही, ताटाची जागा बदलली तर जेवत नाही, गड्ड्याच्या यात्रेत शोभेच्या दारूला हात चावून घेतो. घरी, शाळेत, दवाखान्यातही या सगळ्याचं उत्तर एकच मिळालं: 'मतिमंद आहे, चालायचंच.' त्या एका शब्दाखाली स्वमग्नताही (ऑटिझम) असेल, ही शंका कुणाला आली नाही. २०१६च्या दिव्यांग कायद्यात या दोन्ही गोष्टी वेगळ्या मोजल्या आहेत, आणि एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

(आई विड्या वळते आहे. समोर मानसशास्त्रज्ञ, मांडीवर कागद.)

कागदावर ४० मुद्दे. 'इसा' हे स्वमग्नतेचं आपल्याकडचं मोजमाप. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण, बेरीज ७०च्या खाली राहिली तर स्वमग्नता नाही असं धरतात. ऐकायला सोपं. पण न बोलणं, सारखे हात हलवणं हे तीव्र बौद्धिक अक्षमतेतही दिसतं, त्यामुळे नुसती बेरीज फसवते. पाहायचं असतं ते वेगळंच: याची जेवढी समज, तेवढ्याच समजेचा दुसरा कुणी आपल्याकडं बघून हसला असता का? आवडलेली वस्तू दाखवायला आला असता का? जर्मनीत खास अशा प्रौढांसाठी १९ प्रश्नांची 'डिबास-आर' ही यादी केली, ती सांभाळणाऱ्यांनी भरायची. तीही चाळणीच. निदान त्यानंतर, माणूस प्रत्यक्ष बघून आणि त्याचं बालपण विचारून.

बालपणाचा कागद या घरात नाही. ते आईला आठवतं, तेही तेलुगूत. शेजारीण मराठी करून सांगायला बसलीय.

'मावशी, चार-पाच वर्षांचा होता तेव्हा काही हवं असलं की बोट दाखवायचा का?'

विडी वळणारे हात थांबतात. आई शेजारणीची वाट बघत नाही.

'बोट नाही ओ ताई. माझं मनगट धरून माठापाशी न्यायचा. माझ्या तोंडाकडं बघायचाच नाही. हात तेवढा पायजे, मी नको.'

ताई हे वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतात. मग विचारतात, 'आणि वीज गेल्यावर काय करता?'

आई पदराला हात पुसते, मोबाईल काढते. धाकट्यानं भरून दिलंय, म्हणते.

(मोबाईलमधून मागांची खटखट.)