केटबाई बोलायच्या, फ्रँक सभा जमवायचे

नमस्कार, श्रोतेहो. आज अमेरिकेतल्या एका जोडप्याविषयी बोलायचं आहे. केट रिचर्ड्स ओहेअर आणि त्यांचे पती फ्रँक ओहेअर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समाजवादी चळवळीचं काम या दोघांनी वीसएक वर्षं जोडीनं केलं. केटबाई बोलायच्या, फ्रँक सभा जमवायचे. एवढं वाक्य ध्यानात ठेवा, पुढे ते पुन्हा लागणार आहे.

केटबाईंचा जन्म 1876 सालचा, कॅन्ससमधल्या शेतकरी घरातला. 1887 च्या दुष्काळानं घर बसलं आणि सगळं कुटुंब कॅन्सस सिटीला आलं. दुष्काळानं गाव सोडणं म्हणजे काय, ते आपल्याकडच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. तिथे केटबाई मशीन शॉपमध्ये काम शिकल्या, पुरुषांच्या युनियनमध्ये सभासद झाल्या. 1901 साली गिरार्ड नावाच्या गावात समाजवादी कार्यकर्त्यांची एक शाळा भरली, तिथे फ्रँक भेटले. 1 जानेवारी 1902 ला लग्न झालं आणि मधुचंद्राला दोघं गेले ते भाषणांच्या दौऱ्यावर! पुढे चार मुलं झाली. त्यातल्या जुळ्या मुलग्यांची नावं ठेवली यूजीन आणि व्हिक्टर, समाजवादी पक्षाचे पुढारी यूजीन व्हिक्टर डेब्स यांच्यावरून.

काही वर्षं त्यांनी ओक्लाहोमात काढली. तिथे उन्हाळ्यात समाजवाद्यांचे मेळावे भरत. खंडानं जमीन कसणारी कुळं घोडागाड्यांतून बायकामुलांसकट यायची, तंबू ठोकून दिवसेंदिवस राहायची, भाषणं ऐकायची, गाणी म्हणायची. ओक्लाहोमाची ही कुळं लक्षात ठेवा. मग दोघं सेंट लुईसला गेले आणि ‘नॅशनल रिप-सॉ’ या मासिकाच्या कामात पडले. केटबाई लिहीत, गावोगाव बोलत. फ्रँक दौरे आखत. कोणत्या गावी कोणती गाडी, सभागृह कुणाचं, तिकिटं किती खपली, वर्गणीदार किती झाले, हे सगळं ते पाहत. डेब्स यांचे दौरेसुद्धा त्यांनी आखले. इथे मला एक म्हणायचंच आहे. आपण वक्त्याचा पुतळा उभारतो, पण सतरंज्या घालणाऱ्याचं नाव कुठल्याच पाटीवर येत नाही. आपल्याकडच्या चळवळींचे इतिहासही असेच लिहिलेत. हे कुणीतरी दुरुस्त करायला हवं.

आणखी एक सांगितलं पाहिजे, कारण ते झाकून या बाईंचं कौतुक करणं खोटं होईल. 1912 साली केटबाईंनी एक पत्रक लिहिलं. गोऱ्या आणि काळ्या लोकांनी वेगवेगळं राहावं असं त्यात म्हटलं होतं. मजुरांच्या एकजुटीसाठी आयुष्य घालणाऱ्या बाईनं हे लिहावं, याचं मला दुःख होतं.

आता 1917. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. समाजवादी पक्षानं सेंट लुईसच्या अधिवेशनात युद्धाला विरोध केला. ठरावाच्या समितीच्या अध्यक्ष केटबाईच होत्या. जुलैमध्ये नॉर्थ डकोटातल्या बोमन गावी त्यांनी युद्धाविरुद्ध भाषण केलं. तेच भाषण त्या आधी ठिकठिकाणी करून आल्या होत्या, कुठे काही झालं नव्हतं. बोमनमध्ये मात्र हेरगिरीविरोधी कायद्याखाली खटला भरला गेला आणि पाच वर्षांची सजा झाली. गुन्हा काय? भाषण. फक्त भाषण. एप्रिल 1919 मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर, त्या मिझुरीच्या जेफरसन सिटी तुरुंगात गेल्या. आत दिवसभर शिलाई. अराजकवादी चळवळीतल्या एमा गोल्डमन तेव्हा त्याच तुरुंगात होत्या. केटबाई नवऱ्याला पत्रं लिहीत आणि फ्रँक ती बाहेर छापून वाटत. तुरुंगातलं अन्न, आंघोळीची सोय, सगळं लोकांपुढे आलं आणि काही सुधारणा कराव्या लागल्या. 1920 च्या मे महिन्यात त्यांची सुटका झाली.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी आज बसलो आहे, ती ऐका.

साल 1922. युद्ध संपून तीन वर्षं उलटून गेली होती. डेब्सही युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल तुरुंगात गेले होते. त्यांना राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी आदल्या नाताळात सोडलं होतं, व्हाइट हाउसमध्ये बोलावून त्यांची भेटही घेतली होती. पण युद्धविरोधी विचारांपायी तुरुंगात गेलेली शंभरावर माणसं अजून आतच होती. त्यांची नावं कुणाला माहीत नव्हती. त्यात कामगार संघटनेचे कार्यकर्ते होते, आणि होती ओक्लाहोमाची कुळं. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं ना, तीच! 1917 साली लष्करभरतीविरुद्ध उठलेले गरीब शेतकरी. केटबाई आणि फ्रँक यांनी त्यांच्या तंबूंत बसून जेवण केलं होतं. त्यांची बायकामुलं आता कशी जगत असतील, हे दोघांना चांगलं ठाऊक होतं.

मग त्यांनी ठरवलं की या बायकामुलांना घेऊन थेट वॉशिंग्टन गाठायचं. या मोहिमेला ‘चिल्ड्रन्स क्रुसेड’, म्हणजे मुलांचं धर्मयुद्ध, म्हटलं गेलं. एप्रिलमध्ये सेंट लुईसहून तीसएक बायकामुलं निघाली. तान्ही मुलंसुद्धा होती. आणि पुन्हा तेच, केटबाई बोलायच्या, फ्रँक सभा जमवायचे. वाटेतल्या शहरांत उतरायचं, सभा घ्यायची, मुलांना लोकांसमोर उभं करायचं, पुढची गाडी पकडायची. इंडियाना, ओहायो, मग न्यूयॉर्क. जेवण कोण देणार, रात्री कुणाकडे निजायचं, उद्याच्या पेपरात बातमी येईल ना, एक ना हजार कामं. वीस वर्षं दौरे आखलेला माणूसच ते जाणे. एवढी पोरं बरोबर घेऊन आपण साधं पंढरपूरला जायचं म्हटलं तरी किती तयारी लागते!

महिनाअखेर सगळी वॉशिंग्टनला पोहोचली. हार्डिंग यांनी भेट नाकारली. डेब्स यांना भेटलेल्या राष्ट्राध्यक्षांना या पोरांसाठी वेळ नव्हता. मग मुलं व्हाइट हाउसबाहेर फलक घेऊन उभी राहिली. एका फलकावर लिहिलं होतं, ‘यूजीन डेब्स सुटले, मग माझे बाबा का नाहीत?’ दुसरा फलक होता, ‘मी माझ्या बाबांना कधी पाहिलंच नाही.’ तो एका लहान मुलीचा. ‘मी माझ्या बाबांना कधी पाहिलंच नाही.’ श्रोतेहो, हजार भाषणांपेक्षा मला हे एक वाक्य मोठं वाटतं. युद्ध बरोबर की चूक, यावर वाद घालता येतो. या वाक्याशी कोण वाद घालणार?

मुलं एक दिवस उभी राहिली, दुसऱ्या दिवशी उभी राहिली, महिना उलटला तरी उभीच होती. वर्तमानपत्रं लिहू लागली, आणि उन्हाळ्यात एकेका कैद्याची सुटका होऊ लागली. जे उरले होते, त्या 31 जणांना पुढचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी 1923 च्या डिसेंबरात सोडलं.

दोघांचा संसार मात्र पुढे टिकला नाही. 1928 साली घटस्फोट झाला. केटबाईंनी पुन्हा लग्न केलं, कॅलिफोर्नियात गेल्या, आणि 1939 साली त्या राज्याच्या तुरुंग खात्यात साहाय्यक संचालक झाल्या. तुरुंगात जे सोसलं, ते तिथे सुधारायला बसल्या. 1948 साली त्या गेल्या. फ्रँक सेंट लुईसमध्येच राहिले आणि 1960 साली वारले. केटबाईंवर चरित्रं लिहिली गेली, त्यांची तुरुंगातली पत्रं आजही वाचली जातात. ती पत्रं वाचाल तेव्हा ती छापून लोकांपर्यंत नेणाऱ्या फ्रँक ओहेअर यांचंही नाव घ्या. नमस्कार.