सोळा केबीची खोली

[लॅमिंग्टन रोड. काउंटरवर चिमट्यात धरलेली चिप, अगदी जवळून.]

ही चिप नीट बघा. वीस पाय आणि साडेसहा मिलिमीटर लांबी, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. आत कॉर्टेक्स-एम० प्रोसेसर आहे. प्रोग्राम ठेवायला १६ किलोबाइट फ्लॅश, काम करायला ४ किलोबाइट रॅम. तुमच्या फोनची रॅम ४ जीबी असेल, तर ती हिच्या दहा लाख पटींहून जास्त आहे.

ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत आलं की हा रस्ता लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. अशा चिप्स इथे सुट्या मिळतात.

[गिरगाव. चाळीतली खोली. एक मुलगी, लॅपटॉप, ब्रेडबोर्ड (सुटे भाग खोचून सर्किट जोडायची पाटी), स्टीलच्या पेल्यात चहा.]

या मुलीला गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते तळमजल्यावर दिसायला हवंय. सेन्सर वाचायचा आणि आकडा वायरवरून खाली पाठवायचा, एवढंच काम. प्रोग्राम साठेक ओळींचा. तरी बिल्ड, म्हणजे त्याचं चिपला कळेल असं रूप करणं, अडलं. सगळे तुकडे जोडणारा लिंकर म्हणतो, फ्लॅशमध्ये मावत नाही.

शेजारी बसलेत ते तिचे मामा. रेडिओ दुरुस्तीत त्यांचं आयुष्य गेलं.

"अगं, मोठी चिप घे ना."

"मामा, गिऱ्हाइकाचा रेडिओ बिघडला की तू नवा घ्यायला सांगायचास का?"

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

[स्क्रीन. मॅप फाइल सरकते आहे.]

ही मॅप फाइल. प्रोग्राममध्ये कोण किती जागा अडवून बसलंय, त्याचा हा सातबारा. तिच्या साठ ओळी यात शोधाव्या लागतात. बाकी सगळी सी भाषेची स्टँडर्ड लायब्ररी, न्यूलिब. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सिग्नस कंपनीने ती छोट्या यंत्रांसाठी जमवली. सोर्स तेव्हापासून खुला आहे, आणि आमच्या दृष्टीने या सगळ्या गोष्टीचा जीव तिथेच आहे.

आता त्यातला एकटा प्रिंटएफ बघा, मजकूर छापणारा. तुम्ही त्याला एक पूर्णांक छापायला सांगता. पण उद्या कुणी दशांश अपूर्णांक मागेल, म्हणून मोठ्या आकड्यांचं गणित तो सोबत आणतो. शिवाय रुंद अक्षरं, आणि लोकेल, म्हणजे भाषा-देशाप्रमाणे लिहायच्या रीती. पाहुणा एक, बिऱ्हाड सगळं.

रॅमची गत आणखी वाईट. लायब्ररीची स्वतःची नोंदवही, 'रीएंट', सुमारे एक किलोबाइट खाते. छापायला घेतलं की आउटपुट साठवून ठेवणाऱ्या बफरला आणखी १०२४ बाइट. पहिली ओळ बाहेर पडायच्या आत चारातले दोन किलोबाइट गेले!

[हात कीबोर्डवर.]

मग तिने न्यूलिबचा सोर्स उतरवला आणि लायब्ररी स्वतः बांधायला घेतली. हे बाहेरून अवघड वाटतं, म्हणून सावकाश दाखवतोय. लायब्ररी कशी बांधायची ते ठरवणाऱ्या कॉन्फिगरला सांगायचं, नोंदवही छोटी ठेव. रॅम वाटून देणारा मॅलॉक नॅनो, म्हणजे छोटा, घे. छापणं नॅनो घे, त्यात दशांश मागितल्याशिवाय येत नाही. पाणी सेंटिमीटरमध्ये मोजायचं तर दशांश हवाय कशाला? सी भाषेतून चिपच्या सूचना बनवणाऱ्या कंपायलरला सांगायचं, वेगापेक्षा आकार सांभाळ आणि प्रत्येक फंक्शन वेगळ्या कप्प्यात ठेव. म्हणजे ज्या कप्प्याला कुणी हात लावत नाही, तो लिंकर शेवटी टाकून देतो. आणि प्रोग्राममध्ये एक ओळ: आउटपुटला बफर नको.

[टर्मिनलवर मेक (बिल्ड करणारी आज्ञा) चालू. खिडकीबाहेर पाऊस.]

बिल्ड झालं. चिपवर चढलं. आणि चिप मुकी.

[ब्रेडबोर्डवरचा विझलेला एलईडी. मामांचा चेहरा.]

इथे दुपार गेली. चूक एका शब्दाची होती. जुन्या प्रोजेक्टमधून उचललेल्या ओळीत कॉर्टेक्स-एम३ हे दुसऱ्याच प्रोसेसरचं नाव राहिलं होतं. एम३ला कळणाऱ्या कितीतरी सूचना एम०ला कळतच नाहीत. लिंकरने निमूट जोडून दिलं, आणि चिप पहिल्याच अनोळखी सूचनेवर हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे चूक झाली की अडकायच्या अवस्थेत, जाऊन बसली. एम३चं एम० केलं. पुन्हा मेक.

अजून एक काम उरलं होतं. लॅपटॉपवर प्रिंटएफची अक्षरं पुढे न्यायला ऑपरेटिंग सिस्टिम असते. इथे ती नाही. म्हणून 'राइट' नावाचं छोटं फंक्शन तिने हाताने लिहिलं: एक अक्षर घे, वायरवर अक्षरं टाकणारा सीरियल पोर्ट मोकळा होईपर्यंत थांब, अक्षर टाक, पुढचं घे. मॅलॉकला रॅम पुरवणारं 'एसबीआरके' आणि आणखी चार-पाच फंक्शनं जेमतेम दोन-दोन ओळींची.

यंत्र आता चाळीत बसलंय, आणि पाणी बघायला कुणाला गच्चीवर चढावं लागत नाही.

तिने बदललेली बिल्डची फाइल आम्ही मागितली. तिने ती पेनड्राइव्हवर दिली आणि वर सांगितलं, "सीपीयूचं नाव आधी तपासा."

[रात्र. टर्मिनलवर एकच ओळ: पाणी १४२ सेंमी. मामा चष्मा पुसून पुन्हा वाचतात.]